बेनिन सिटीत ‘कोयो’ कोणाला म्हणायचं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. बाकीच्या वाचकांसाठी तो थोडक्यात असा: तुम्ही नाशिकचे मेकॅनिकल इंजिनिअर, पुढच्या महिन्यात नायजेरियातल्या बेनिन सिटीत रुजू होताय. रोजच्या वापरातले दहा-बारा बिनी शब्द आणि नमस्कार-चमत्कार शिकून जायचंय. बिनी, एदो आणि बेनिन हे सगळं एकच का, याचा गोंधळ आहे. आणि खरी बोच शेवटच्या दोन ओळींत आहे. तिथला होणारा सहकारी व्हिडिओ कॉलवर म्हणाला, ‘मी एसान.’ तुम्ही म्हणालात, ‘म्हणजे एदोच ना?’ तो नुसता हसला आणि कामाचं बोलायला लागला.

शब्द मी देतेच. पण ते पाठ करून तुमची ही अडचण सुटायची नाही. समोरचा माणूस स्वतःला काय म्हणवतो हे त्याच्या तोंडून ऐकण्याआधीच आपण त्याला नाव देऊन मोकळे होतो, दुखणं तिथे आहे. मीही तेच करत होते, म्हणून सांगते.

मी फिजिओथेरपिस्ट. बेनिन सिटीतल्या एका खासगी दवाखान्यात तेरा वर्षं होते. केसपेपरवर ‘ट्राइब’ असा एक रकाना असायचा. पहिलं वर्षभर मी तो पेशंटचं नाव बघून स्वतःच भरून टाकायचे, विचारायचा वेळ वाचावा म्हणून. नावात ‘ओसा’ दिसलं की लिहा ‘बिनी’. एकदा गुडघ्याच्या व्यायामासाठी एक आजी आल्या. त्यांनी चष्मा चढवून माझा कागद वाचला आणि शांतपणे म्हणाल्या, ‘दुखतोय तो गुडघा. माझं गाव का बदलतेस?’ त्या एसान निघाल्या, इरुआकडच्या. त्या दिवसापासून तो रकाना मी कोरा सोडायला लागले आणि पेशंटकडे पेन द्यायला लागले.

आधी एक कबुली. तुम्हाला बिनी किती लागेल हे बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. कारखान्यातलं काम इंग्रजीत चालतं, मशीनजवळचं बोलणं पिजिनमध्ये, म्हणजे इंग्रजीतून तयार झालेल्या तिथल्या बोलीत. तुमच्या हाताखालचे लोक उऱ्होबो, इग्बो, योरुबा, एत्साको अशा कोणत्याही समाजाचे असू शकतात, कारण बेनिन सिटी हे मोठं शहर आहे आणि पोटापाण्यासाठी चारी बाजूंनी माणसं तिथे येतात. शहरातल्या तरुण मुलांपैकी कित्येकांना स्वतःलाच बिनी नीट येत नाही. घरी समजतं, बोलताना पिजिन. याउलट तुमचा घरमालक साठीच्या पुढचा असेल, किंवा बाजारात भाजी घ्यायचं काम तुमच्याकडे आलं, तर हेच दहा शब्द सोन्याच्या भावाने चालतील. माझे पेशंट बहुतेक म्हातारे होते, म्हणून मला भरपूर वापरता आले. तुमचं तसंच होईल असं मी म्हणणार नाही.

आता नावांचं. ‘बेनिन’ म्हटलं की तीन वेगळ्या गोष्टी समोर येतात. एक, बेनिन सिटी: नायजेरियातल्या एदो राज्याची राजधानी. दोन, जुनं बेनिन राज्य, ज्याच्या राजाला ‘ओबा’ म्हणतात. हे राज्य ब्रिटिशांनी फेब्रुवारी १८९७ मध्ये जिंकलं, शहर जळालं, राजवाड्यातल्या पितळेच्या आणि हस्तिदंताच्या हजारो वस्तू लुटून नेल्या आणि ओबा ओव्होनराम्वेन यांना कालाबारला हद्दपार केलं. ते तिथेच १९१४ मध्ये वारले. लंडन-बर्लिनच्या संग्रहालयांतले ‘बेनिन ब्राँझ’ म्हणतात ते याच राजवाड्यातले. गादी मात्र चालू राहिली; आजचे ओबा एवुआरे दुसरे ऑक्टोबर २०१६ मध्ये गादीवर बसले. तिसरी गोष्ट म्हणजे बेनिन नावाचा देश, नायजेरियाच्या पश्चिमेचा. त्याचं नाव आधी दाहोमे होतं. १९७५ मध्ये त्यांनी किनाऱ्यालगतच्या बेनिनच्या उपसागरावरून नवं नाव घेतलं. बेनिन सिटी त्या देशात नाही आणि ते ब्राँझही त्या देशाचे नाहीत. हे तिथल्या माणसासमोर उलटसुलट बोललात तर तो तुम्हाला खुर्चीत बसवून इतिहास सांगेल, आणि त्याचं बरोबर असेल.

त्या लोकांच्या स्वतःच्या भाषेत शहरही एदो, भाषाही एदो आणि माणसंही एदो. ‘द’ आपल्या ‘दगड’मधला धरा, ‘डोंगर’मधला नको. ‘बिनी’ हे नाव बाहेरच्यांच्या तोंडून आणि इंग्रजी दफ्तरांतून रुळलं. आता ते लोकही इंग्रजीत बोलताना सहज ‘आय अ‍ॅम बिनी’ किंवा ‘आय अ‍ॅम फ्रॉम बेनिन’ म्हणतात. त्यात शिवी नाही, कमीपणा नाही. एखादा भाषाप्रेमी मास्तर भेटला तर तो ‘बिनी नव्हे, एदो म्हणा’ असं सुनावेल. त्याच्यापुरतं एदो म्हणा.

एवढंच असतं तर सोपं होतं. घोळ राज्याच्या नावाने घातला. हा सगळा मुलूख १९६३ मध्ये मिड-वेस्टर्न रीजन म्हणून वेगळा झाला, १९७६ मध्ये त्याचं नाव बेंडेल ठेवलं (बेनिन आणि डेल्टा जोडून), आणि २७ ऑगस्ट १९९१ रोजी त्याचे दोन तुकडे झाले: एदो राज्य आणि डेल्टा राज्य. त्या दिवसापासून ‘एदो’ शब्दाला दोन अर्थ चिकटले. एक, बिनी लोक. दुसरा, एदो राज्यातला कोणीही. राज्यात १८ लोकल गव्हर्नमेंट, म्हणजे आपल्या तालुक्यांसारखे भाग, आहेत. त्यांतल्या दक्षिणेकडच्या सातांत बिनींची मुख्य वस्ती. मध्यभागी एसान. उत्तरेला एत्साको, ओवान, आकोको-एदो. आता राज्याचे गव्हर्नर झालेले हे दोघे घ्या: अ‍ॅडम्स ओशिओम्होले हे एत्साको, गॉडविन ओबासेकी हे बिनी. वर्तमानपत्राच्या मथळ्यात दोघंही ‘एदोचे’. घरच्या ओट्यावर बसलात तर तसं कोणी म्हणणार नाही.

आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. परप्रांतातला कोणी तुम्हाला ‘तुम्ही मराठी, म्हणजे मराठाच ना?’ असं विचारतो तेव्हा उत्तर द्यायला एक श्वास जास्त लागतो की नाही? भाषा, प्रांत आणि जात यांची नावं एकमेकांत पाय अडकवून उभी आहेत. दवाखान्यातल्या एका सिस्टरला मी हा फरक समजावून सांगत होते. ती ऐकून म्हणाली, ‘मग मला बिनी-एदोचं काय विचारत बसतेस? तुला माहीतच आहे की!’

तर तुमच्या सहकाऱ्याचं. एसान ही बिनीच्या भावकीतलीच भाषा आहे, दोन्ही एकाच एदोइड गटातल्या. पण एसानांची परंपरागत कथा अशी की पंधराव्या शतकात ओबा एवुआरे यांनी मुलांच्या मृत्यूनंतर फार कडक सुतक लादलं, तेव्हा कंटाळून जे लोक शहर सोडून गेले ते आपले पूर्वज. ‘एसान’ हे नाव ‘पळून गेले’ अशा अर्थाच्या बोलण्यातून आलं असं सांगतात. कथेतला इतिहास किती, हे इतिहासकार बघतील. पण ज्याचं नावच ‘आम्ही तिथून निघालो’ असं सांगतं, त्याला ‘म्हणजे तू तिथलाच ना?’ असं विचारल्यावर तो दुसरं काय करणार? हसला, हे त्याचं चांगलं वळण. राज्याच्या अर्थाने तुमचं वाक्य चूक नव्हतं. त्याने स्वतःचं नाव सांगितल्यावर ते तुम्ही दुरुस्त केलंत, एवढंच लागलं असणार.

वंशाचा प्रश्न तिथे हळवा का, याचं आणखी एक कारण आहे आणि ते म्हाताऱ्या माणसांकडे बसलं की कळतं. ऑगस्ट १९६७ मध्ये, यादवी युद्धात, बिआफ्राच्या, म्हणजे पूर्वेकडच्या इग्बोबहुल फुटीर राज्याच्या फौजेने बेनिन सिटी घेतली. १९ सप्टेंबरला तिथे ‘बेनिन प्रजासत्ताक’ जाहीर झालं आणि दुसऱ्याच दिवशी केंद्राची फौज शहरात शिरली. त्यानंतर इग्बो समजून माणसं मारली गेली. ऑक्टोबरमध्ये नायजर नदीकाठच्या असाबात तर मोठी कत्तल झाली. ‘तू कोण?’ या प्रश्नाच्या उत्तरावर त्या दिवसांत माणसं जगली-मेली. माझ्या एका पेशंटने फक्त एवढंच सांगितलं होतं की तेव्हा त्याची आई त्याला बाहेर तोंड उघडू द्यायची नाही, उच्चारावरून कोणी ओळखेल म्हणून. बिनी आणि इग्बो भाषांच्या सीमेवर अशी गावं आजही आहेत, उदाहरणार्थ इग्बांके, जिथे बोली इग्बोच्या जवळची आहे पण आपण कोण यावर एकाच घरात दोन मतं सापडतील. परक्याने त्यात निवाडा द्यायचा नसतो.

म्हणून ‘ट्राइब कोणती?’ असं सरळ विचारू नका. तिथली माणसं आपसांत विचारतात, आणि तुम्हालाही विचारतील: ‘इंडियात तुझी ट्राइब कोणती?’ मी ‘मराठी’ म्हणायचे, चालून जायचं. त्यांनी विचारणं वेगळं, पगारपत्रकावर सही करणाऱ्या परदेशी साहेबाने विचारणं वेगळं. त्याऐवजी गाव विचारा: ‘व्हेअर इज युवर होमटाउन?’ तिथे होमटाउन म्हणजे जन्मगाव किंवा राहतं गाव नव्हे. बापाचं, आजोबाचं गाव, आपण मूळ गाव म्हणतो तेच. तीन पिढ्या लागोसमध्ये काढलेला माणूसही होमटाउन उरोमी सांगेल. सरकारी अर्जावर ‘स्टेट ऑफ ओरिजिन’ आणि लोकल गव्हर्नमेंट विचारतात तेही याच अर्थाने, आणि त्याचा दाखला काढावा लागतो. आपल्याकडे ‘आडनाव काय?’ या प्रश्नाआड काय दडलेलं असतं हे सगळ्यांना माहीत असतं. तसं होमटाउनआडही थोडं दडलेलं असतंच. पण निदान सांगणाऱ्याच्या हाती किती सांगायचं ते राहतं. गाव सांगून तो थांबला तर तुम्हीही थांबा. पुढे स्वतःहून ‘मी बिनी’, ‘मी एसान’, ‘मी ओरा’ म्हणाला, तर तोच शब्द त्यानंतर वापरा. लोकसंख्येचे आकडे मागू नका. २००६ च्या जनगणनेत वंश आणि धर्म विचारलेच नव्हते. एदो राज्याची एकूण लोकसंख्या त्यात सुमारे ३२ लाख आली, त्यांत बिनी किती हे त्या मोजणीतून कळत नाही.

आता भाषा. इथे मराठी माणसाला एक अनपेक्षित फायदा आहे. बिनी रोमन लिपीत लिहितात, आणि त्यात व्ही-बी अशी जोडी दिसली की गोरे लोक अडखळतात. तो उच्चार म्हणजे आपला साधा ‘व’, ‘वारा’मधला. आणि नुसता व्ही म्हणजे दात ओठाला घासून केलेला ‘व्ह’, ‘व्हिडिओ’मधला. बिनीत हे दोन्ही वेगळे मोजतात आणि आपण लिहितोही वेगळे, त्यामुळे खाली मी तसंच लिहिलंय. बिनी माणसाला म्हणतात ‘ओवी एदो’, म्हणजे एदोचं लेकरू. अनेक असले तर ‘इवी एदो’. ज्ञानेश्वरीतली ओवी आठवा, उच्चार जवळजवळ तोच.

तोटाही आहे. रोमनमधला के-एच बघून आपण ‘ख’ म्हणतो, जी-एच बघून ‘घ’. दोन्ही चूक. ते घशात घासून काढायचे, उर्दूतल्या ‘ख़बर’ आणि ‘ग़ज़ल’सारखे, म्हणून मी नुक्ता दिलाय. शेवटी येणारा एन बऱ्याचदा नुसतं नाकातून बोला असं सांगतो, पूर्ण ‘न’ नव्हे. केपी आणि जीबी हे एकाच झटक्यात म्हणायचे: ओठ आणि घसा एकदम बंद, एकदम उघडे. ‘कप’ असं फोडून म्हटलंत तर ऐकणारा गालात हसतो. आणि सूर. ही भाषा वर-खाली सुरांत बोलतात, सूर चुकला की शब्द बदलतो. सूर पुस्तकातून येत नाहीत. मी दवाखान्यातल्या आयाकडून एकेक अभिवादन रोज दहा वेळा म्हणून घ्यायचे, ती म्हणेल त्याच चालीत, अर्थ न विचारता. तुम्हीही गेटवरच्या वॉचमनला गुरू करा. तोच दिवसातून चार वेळा भेटतो.

अभिवादनं अशी. कोणत्याही वेळी चालणारं ‘कोयो’, आपल्या ‘काय, बरं का?’च्या जवळचं, हलकं. थोडं अदबीने बोलायचं तर वेळ बघून बोला. सकाळी ‘ओबोविए’, दुपारी ‘ओबाव्हाँ’, संध्याकाळी ‘ओबोता’. त्यातले ओविए, अव्हाँ आणि ओता हे सकाळ, दुपार, संध्याकाळ. रात्री निरोप घेताना ‘ओख़ीओविए’, सकाळ होईतो, अशा भावाचं. कोणी दारात आलं की ‘ओबॉख़्याँ’, या, स्वागत. हा शब्द तुम्हाला पहिल्याच आठवड्यात इतक्या वेळा ऐकू येईल की तो न शिकताच येईल. ख़ुशाली विचारायची तर ‘वे ओये हे?’, कसं चाललंय. उत्तर ‘ओयेसे’, बरं आहे. गुडघा धरून लंगडत आलेला पेशंटही आधी ‘ओयेसे’च म्हणतो. आपल्याकडेही ‘काय म्हणता?’ला ‘मजेत’ म्हणूनच सुरुवात होते, त्यामुळे मला ते नवीन नव्हतं. खरं दुखणं तिसऱ्या वाक्याला येतं.

आभार म्हणजे ‘उरुएसे’. फोडून बघितलं तर ‘तू भलं केलंस’. अनेकांना म्हणायचं तर ‘वा रुएसे’. विनंतीला ‘लाहो’. बसा म्हणायला ‘तोता’. नाव विचारायला ‘दे एनी रुए?’ पण हे बरोबरीच्या किंवा लहान माणसाला. वडीलधाऱ्याला नाव विचारत नाहीत, दुसऱ्याकडून कळून घेतात. आणि कळल्यावरही नुसत्या नावाने हाक मारत नाहीत. मोठ्या माणसाला ‘सर’, ‘डॅडी’, ‘मामा’, ‘चीफ’, जे बाकीचे म्हणत असतील ते. तुम्ही बॉस असलात तरी साठीच्या ड्रायव्हरला नुसतं नावाने पुकारू नका.

यातला माझा सर्वांत लाडका शब्द ‘इयारे’. प्रवासाला निघालेल्याला, उत्सवात नाचणाऱ्याला तो म्हणतात. अर्थ, जा आणि सुखरूप परत ये. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणणाऱ्या माणसाला याचं भाषांतर लागत नाही. आशीर्वादाला उत्तर असतं ‘इसे’, म्हणजे तथास्तु. ओबाच्या नावाने जयघोष होतो, ‘ओबा ग़ा तो क्पेरे’, ओबा दीर्घायुषी होवो, तेव्हाही सगळे एका सुरात ‘इसे’ म्हणतात. तुम्ही गर्दीत असाल तर फक्त ‘इसे’ म्हणा. बाजूचे लोक वळून बघतील, आणि त्या बघण्यात राग नसेल.

आता ते अभिवादन, जे तुम्ही शिकायचं नाही. फक्त ओळखायचं. बिनी घराण्यांना सकाळचं स्वतःचं खास अभिवादन असतं. राजघराण्याच्या वंशजांचं ‘लामोगुन’. इतर घराण्यांची ‘लातोसे’, ‘लाविएझे’, ‘देलाइसो’ अशी निरनिराळी. सकाळी उठल्यावर मुलं आईबापांसमोर गुडघे टेकून हे म्हणतात. ते बापाकडून येतं आणि त्यावरून कोण कोणाच्या रक्ताचं ते कळतं. लग्न ठरवताना दोन्हीकडचं अभिवादन एकच निघालं तर जुनी माणसं हात आखडता घेतात, कारण मूळ एक असण्याची शक्यता. आपण गोत्र आणि देवक विचारतो तसंच. म्हणून मला बिनी माणसाची ओळख त्याच्या राज्यात किंवा भाषेत शोधण्यापेक्षा या सकाळच्या एका शब्दात जास्त सापडते. भाषा विसरलेली मुलंही हा शब्द विसरत नाहीत. आणि म्हणूनच परक्याने तो हौसेने उच्चारायचा नाही. एक भारतीय गृहस्थ कार्यक्रमात ‘लामोगुन’ म्हणून मोकळे झाले होते. लोक हसले, पण नंतर यजमानाने मला बाजूला घेऊन विचारलं, ‘यांना राजघराण्यात कोणी घेतलं?’

किरकोळ शब्द झरझर सांगते. पाणी ‘अमे’, घर ‘ओवा’, जेवण ‘एवारे’, आई ‘इये’, बाप ‘एऱ्हा’ (आपल्या ‘तऱ्हा’मधल्या ऱ्ह-च्या जवळपास, फक्त जास्त हवेचा), मूल ‘ऑमॉ’, मित्र ‘ऑसे’, बाजार ‘एकी’. शहरातला मोठा बाजार म्हणजे एकी-ओबा. याम, म्हणजे आपल्या कोनफळाच्या कुळातला कंद, ‘इयाँ’. तो उकडून उखळात कांडला की ‘एमा’. कोला नट ‘एवे’. घरी पाहुणा आला की एवे पुढे येते, वडीलधारा आशीर्वाद म्हणून ती फोडतो, सगळे ‘इसे’ म्हणतात. कडू लागते. तरी एक तुकडा उजव्या हाताने घ्या आणि चावा. डावा हात देण्याघेण्याला, हात मिळवायला, अगदी नुसतं दाखवायलाही नको. डावखुरे असाल तर पहिल्या दिवसापासून लक्षात ठेवा.

पैसा म्हणजे ‘इग़ो’, आणि तो शब्द मुळात कवड्यांचा. त्या कवड्या मालदीवच्या समुद्रातल्या, आपल्याच हिंदी महासागरातून जहाजांनी पश्चिम आफ्रिकेत गेलेल्या. आपल्याकडे ‘कवडीमोल’ झाली तीच कवडी तिकडे शेकडो वर्षं नाणं होती. आकडे विसांच्या हिशेबाने चालतात: वीस ‘उगिए’, चाळीस ‘इयेव्हा’, म्हणजे दोन विसा, साठ ‘इयेहा’, तीन विसा. माझी आजी कोंबड्यांची अंडी अशीच मोजायची, त्यामुळे मला गंमत वाटली. पण बाजारात भाव नायरामध्ये, म्हणजे नायजेरियाच्या चलनात, आणि इंग्रजीत सांगतात, हे आकडे तुम्हाला फारसे लागणार नाहीत.

नावांवरून एक इशारा. ‘ओसा’ हे ‘ओसानोबुआ’ या देवाच्या नावाचं छोटं रूप. ओसागिए, देवाने धाडलेला. ओसाझे, देवाने निवडलेला. एफोसा, देवाचं धन. अशी नावं बिनींत खूप. एसानांत तोच देव ‘ओसे’ होऊन येतो. पण नावावरून ओळख पटवायला जाऊ नका. वर सांगितलेल्या आजींना ‘ओसा’वालं नाव होतंच. नवऱ्याकडून, चर्चमधून, शेजारच्या प्रभावाने, नावं कुठूनही येतात.

आणि चुकीच्या माणसाला बिनी अभिवादन केलं तर? आभाळ कोसळत नाही. समोरचा उऱ्होबो असेल तर त्यांच्यात लहान माणूस मोठ्याला ‘मिग्वो’ म्हणतो, म्हणजे मी गुडघे टेकतो, आणि मोठा ‘व्रेंदो’ म्हणतो, ऊठ. इग्बो असेल तर ‘केदू’ चालतं. पण पाच भाषांचे पाच शब्द खिशात घेऊन फिरणारा माणूस थोडा नाटकी वाटतो. सुरुवातीला पिजिनमधलं ‘हाउ फार?’ बरोबरीच्यांना पुरतं आणि वडीलधाऱ्यांना इंग्रजीतलं ‘गुड मॉर्निंग सर’ किंवा ‘गुड मॉर्निंग मा’, किंचित वाकून. तिथे इंग्रजीचाही अर्थ बदलतो हे लक्षात घ्या. कोणी काम करताना दिसला की जाता-जाता ‘वेल डन’ म्हणतात. ती शाबासकी नव्हे, अभिवादन आहे. तुम्हाला ठेच लागली की दहा माणसं ‘सॉरी’ म्हणतील, कोणाचीच चूक नसताना. ते आपलं ‘अरे, जपून!’ आहे. आणि सकाळी अभिवादन न करता थेट कामाचं बोलणं, मग ते कोणत्याही भाषेत असो, उद्धटपणा समजतात. आपल्याकडच्या कारखान्यांत ‘ते पंपाचं काय झालं?’ने दिवस सुरू होतो. तिथे पंप दोन मिनिटं थांबू शकतो.

एक विषय मात्र पूर्ण टाळा: बेनिनचं राजघराणं आणि योरुबांच्या इफे या शहराचं नातं. योरुबा परंपरा सांगते की राजपुत्र ओरान्मियान इफेहून आला आणि त्याच्यापासून ओबांचा वंश चालू झाला. बेनिनकडची मांडणी उलटी: योरुबा ज्याला आपला मूळपुरुष मानतात तो इफेचा ओदुदुवा हाच मुळात बेनिनचा परागंदा राजपुत्र एकालादेऱ्हान. २००४ मध्ये तेव्हाचे ओबा एरेदिआउवा यांनी आपल्या आत्मचरित्रात ही मांडणी छापून आणली तेव्हा मोठा गदारोळ झाला. तुमच्या खोलीत एक योरुबा अकाउंटंट आणि एक बिनी फोरमन बसलेले असतील, आणि तुम्ही नुकतंच काहीतरी वाचलेलं असेल, तर ते वाचलेलं गिळून टाका.

सहकाऱ्याशी आता काय करायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण विचारायचं होतं असं वाटलं. माफीची मेल वगैरे नको, ते अवघड होईल. पहिल्या दिवशी भेटाल तेव्हा विचारा, ‘तुम्ही एसान म्हणाला होतात. एसानमध्ये सकाळी काय म्हणतात?’ एवढ्याने त्याला कळेल की तुम्ही त्याचा शब्द लक्षात ठेवला. वर दिलेलं ‘ओबोविए’ त्याच्यावर टाकू नका. ते बिनी आहे, आणि त्याचं वेगळं काही असलं तर ते त्याच्याकडूनच ऐकायला बरं.

जाताजाता एक. घरच्यांना पत्ता देताना बेनिन सिटीपुढे एदो स्टेट आणि त्यापुढे नायजेरिया, हे दोन्ही ठळक लिहून द्या. माझ्या आईने पहिल्या दिवाळीला पाठवलेल्या पार्सलवर नुसतं ‘बेनिन’ होतं. कुरिअरवाल्यांनी ते इमानेइतबारे बेनिन देशात, कोतोनूला पोचवलं. फेब्रुवारीत ते फिरत-फिरत माझ्या हाती आलं. चकल्यांचा भुगा झाला होता, मेतकूट मात्र शाबूत होतं.